रेंज असेल तेव्हा भरून ठेवा

आम्ही भंडारदऱ्याजवळ शेंडीला राहतो. पावसाळ्यात इथे वीज जाते, पाठोपाठ मोबाईलची रेंजही जाते. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या अखेरच्या दिवशी आम्ही तालुक्याला, अकोल्यात कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसलो. उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका ई-मेलमध्ये, फोन घरी थोरलीच्या हाती आणि घरी रेंज नाही. अर्ज राहिला. पोर दोन दिवस धड जेवली नाही.

पुढच्या सुट्टीत तिनेच पायथॉन शिकून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती काय करते, हे वाचकांनी समजून घ्यावे. ते अवघड नाही.

ई-मेल मुळात साध्या अक्षरांपुरतीच होती. १९९२ साली ‘माईम’ नावाचे नियम प्रसिद्ध झाले आणि फोटो, दाखले अक्षरांत लिहून पत्रासोबत धाडता येऊ लागले. तीन बाईटची चार अक्षरे होतात, म्हणून वाटेत फाईल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. स्क्रिप्ट ‘आयमॅप’च्या ९९३ क्रमांकाच्या दारातून पेटीत शिरते, एकेक पत्र चाळते आणि ज्या भागाला फाईलचे नाव असेल तो मूळ रूपात आणून डिस्कवर ठेवते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. साऱ्या दाखल्यांचे नाव ‘स्कॅन’. एकावर एक बसून शेवटचा तेवढा उरला. मूळ पत्रे पेटीत शाबूत होती म्हणून निभावले. आता नावाआधी तारीख आणि पत्राचा क्रमांक लागतो. मराठी नावे सांकेतिक अक्षरांत येतात, तीही उलगडून घ्यावी लागतात.

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. आपला पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये. जीमेल असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा आणि तोही निराळा जपावा. अनोळखी पत्रातली फाईल उघडू नये. आमची स्क्रिप्ट ओळखीच्या पत्त्यांवरून आलेल्याच फाईली घेते.

आमच्या उशाशी १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आहे. प्रवरेचे पावसाळी पाणी ते उन्हाळ्यासाठी अडवते. कागदांचेही तसेच आहे. रेंज असेल तेव्हा भरून ठेवावे, एक प्रत पेनड्राईव्हवर घ्यावी.

यंदा तो पेनड्राईव्ह खिशात घालूनच आम्ही अकोल्याला गेलो. तासाभरात अर्ज भरून झाला. घरी आलो तर रेंज नव्हतीच. थोरली दारात उभी होती, आमच्या चेहऱ्यावरूनच तिला समजले.