गुण मंत्राचा कीं औषधाचा?

किहीमच्या नारळी-पोफळीच्या वाडींत रात्रीं कोणास विंचू चावला, मांत्रिकानें विष उतरविलें व सकाळीं रोगी हिंडूं लागला, असें कोणी सांगितल्यास आम्ही त्यास खोटा म्हणणार नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, गुण कोणाचा? पुष्कळ दंश केवळ वेदना देऊन आपोआप शमतात. ज्याचें अंग घामानें थबथबतें, हातपाय गार पडतात व श्वास कोंडतो, त्यालाच उशिरां इस्पितळांत नेतात. मग बरे झालेले सारे मांत्रिकाच्या खातीं व दगावलेले सारे डॉक्टरच्या खातीं जमा होतात! अशा जमाखर्चावर कोणता व्यापारी सही करील?

याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेस, बिरवाडी व महाड येथें, डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं निराळी वही उघडली. लाल विंचवाच्या दंशाचीं त्यांनीं टिपलेलीं लक्षणें १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. या विषानें रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकतें व फुप्फुसांत पाणी भरतें. यास्तव रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसीन त्यांनीं दिलें व १९८६ सालीं त्याचा वृत्तांत छापला. तीव्र दंशांत पूर्वी शेंकडा ३० ते ४० असलेलें मृत्यूचें प्रमाण पुढें शेंकडा १ च्या आसपास आलें.

परंतु उलटतपासणी मांत्रिकाची करावयाची व डॉक्टरची सोडावयाची, हा न्याय नव्हे. मधल्या काळांत रोगी लवकर येऊं लागले असतील, सौम्य दंशही मोजले गेले असतील. सारख्या तीव्रतेचा, सारख्या वेळांत आलेला रोगी तशाच रोग्याशीं ताडला पाहिजे. फरक एवढा मोठा असला व विषाची क्रियाही त्यास साक्ष देत असली, म्हणजे पुरावा बळकट होतो. शंका उरल्यास रोग्यांचे गट जणूं चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात. प्राझोसीनला प्रतिविषाची जोड द्यावी कीं नाहीं, हें महाडास असेंच ठरलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणींत जोड मिळालेल्या ३५ पैकीं ३२ रोगी दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसीननें ३५ पैकीं ८.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या वहींत दंशाची वेळ, वाटेंत गेलेला काळ, आल्यावेळची स्थिति, दिलेलें औषध व परिणाम, असे पांच रकाने भरले जावेत. दगावलेल्याची नोंद तर कदापि गाळूं नये. मांत्रिकाचा गुण ज्यांस सांगावयाचा असेल, त्यांनींही आपले रोगी याच वहींत नोंदवावेत. तोंवर विंचू चावतांच वाचकांनीं तडक दवाखाना गांठावा. खऱ्या गुणाला हिशेबाची भीति नसते.