फरशी पुलाचा फसवा हिशेब

१५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचे प्राण गेले आणि जुन्या पुलांच्या तपासणीची चर्चा राज्यभर पुन्हा सुरू झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल दोन एस. टी. गाड्यांसह वाहून गेला, तेव्हाही हीच चर्चा झाली होती. ती व्हावयास हवी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील लहान पुलांचे दुखणे पुष्कळदा निराळे असते. पूल दुर्बल आहे म्हणून गावकरी अडकत नाही. पूल बुटका आहे आणि त्याच्या पोटात पाण्याला वाट नाही, म्हणून तो अडकतो. असा पूल मजबुतीच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण व्हावा आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याखाली जावा, यात विसंगत असे काहीच नाही.

टिटवाळ्याजवळचा काळू नदीवरील रुंदे पूल हे या दुखण्याचे आमच्या वाचकांच्या उंबरठ्यावरचे उदाहरण होय. जोराचा पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो आणि फळेगावकडचा रस्ता तुटतो. कल्याण-मुरबाड रस्त्यावरील रायते येथे तर नदी उल्हास आणि रस्ता हमरस्ता. तरीही जुलै २०२१ च्या पुरात तेथील पूल पाण्याखाली गेला आणि वाहतूक थांबली. कल्याणचा पत्रीपूल ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला, तो नव्याने खुला होण्यास जानेवारी २०२१ उजाडावा लागला, आणि त्या अवधीत आपण नागरिकांनी केवढा संताप व्यक्त केला! तो रास्तच होता. मात्र आपल्याला निदान वळसा घालून कचेरी गाठता येत होती. मुरबाड-शहापूरच्या एखाद्या पाड्यावर बाळंतिणीला घेऊन निघालेल्यांना पुष्कळदा तेवढीही सोय नसते.

असे पूल का बांधले जातात? ते स्वस्त असतात म्हणून. ओढ्यात सिमेंटच्या नळ्या मांडाव्या, वर काँक्रीट ओतावे आणि दोन्ही बाजूंना भराव घालून रस्ता जोडावा, म्हणजे नळ्यांचा फरशी पूल सिद्ध झाला. आता या स्वस्ताईचा थोडा हिशेब करू. मुंबई इलाख्यातील नद्यांच्या अभ्यासावरून इंग्लिस यांनी बसविलेले कमाल पुराचे सूत्र आपल्या अभियंत्यांना पाठ असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पंचवीस चौरस किलोमीटर पाणलोटाचा ओढा घेतला, तर त्या सूत्राप्रमाणे सेकंदाला सुमारे ५२० घनमीटर पाणी येऊ शकते. एक मीटर व्यासाच्या आठ नळ्यांतून, पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने धावते असे धरले तरी, जाणार जेमतेम १९ घनमीटर. उरलेल्या पाचशेंनी कोठे जावे? ती फरशीवरून जातात, आणि तेथेही न मावल्यास बाजूचा भराव फोडून जातात. शिवाय हा हिशेब नळ्या स्वच्छ आहेत असे मानून केला. पहिल्या पुराबरोबर झाडांच्या फांद्या, वेळू आणि हल्ली आपल्याच गृहसंकुलांतून निघालेले प्लॅस्टिक येऊन नळ्यांची तोंडे बंद होतात, आणि पुलाचा बंधारा होतो. पूल जागेवर आणि रस्ता नदीत, हे दृश्य त्यानंतरचे.

याच ओढ्यावर दहा-दहा मीटरचे तीन गाळे घेऊन सलोह काँक्रीटची सपाट फरशी उंच खांबांवर टाकली, तर पाच मीटर खोल पुराला दीडशे चौरस मीटर वाट मिळते. चार मीटर वेगाने तेथून सहाशे घनमीटर पाणी जाईल. खांबांची जाडी वजा केली तरी पूर निभतो. यात कसलीही नवलाई नाही. दहा मीटरपर्यंतच्या गाळ्याला साधी फरशी पुरते, त्यापुढे तुळया घालाव्या लागतात, हे कोणीही अनुभवी उपअभियंता सांगेल. घाटाकडच्या बाजूस पात्रात पुष्कळ ठिकाणी काळा कातळ उघडाच दिसतो. तेथे खांब कातळात रुतवून बांधला की पाया खरवडला जाण्याची धास्ती उरत नाही. खाडीकडे उतरावे तसा मात्र गाळ लागतो आणि पाया खोल न्यावा लागतो. तेथील लहान नाल्यावर चारी बाजू एकसंध असलेली काँक्रीटची पेटी बरी, कारण तिचा तळ भार पसरून देतो. परंतु खालच्या अंगाला मातीत उतरणारी पडदी न घातल्यास पाणी तिच्याखालची माती उपसून नेईल. एकच नकाशा मुरबाडला आणि भिवंडीच्या खाजणालाही चालविणे म्हणूनच आम्हांस मान्य नाही.

फरशी पूल सर्वत्र मोडीत काढावे असे आमचे म्हणणे नाही. शेतावर जाणाऱ्या वाटेवर, चार तास रस्ता बंद राहिल्याने कोणाचे प्राण कंठाशी येत नसतील तेथे, पाण्याला मुकाट्याने वरून जाऊ देणारी बसकी, गुळगुळीत फरशी हा शहाणपणाचाच उपाय आहे. वाईट आहे ती मधली जात: उंच म्हणावी तर पुराला अपुरी, बसकी म्हणावी तर ओंडके अडवून धरणारी. दुर्दैवाने सर्वांत कमी रकमेच्या निविदेला हीच जात मानवते. त्या निविदेत भराव दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा घालण्याचा खर्च धरलेला नसतो; तो दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यावर पडतो, आणि दोन्ही खाती एकाच पानावर मांडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

जिल्हा परिषदेने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने निदान एवढे करावे: प्रत्येक नव्या लहान पुलाची निविदा निघण्यापूर्वी त्या जागेचा पाणलोट, कमाल पूर, पुलाखालची वाट आणि पंचवीस वर्षांच्या दुरुस्तीसह होणारा खर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आणि पुराची रेषा केवळ कागदावर काढू नये. २६ जुलै २००५ रोजी पाणी देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत चढले होते, हे सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत. नळ्यांचा पहिला ट्रक रिकामा होण्यापूर्वी त्यांच्याबरोबर त्या पायरीपर्यंत चालत जावे.