पाने उचलशील!

मंडळी, चारेक महिने इथे काही लिहिलं नाही. तब्येत बरी आहे ना, म्हणून दोघातिघांनी फोन करून विचारलंही. तब्येत ठणठणीत आहे. हात काळे होते, एवढंच. ग्रीस लागलेल्या बोटांनी कीबोर्डला हात लावायचा नाही, असा आमच्या घरात सक्त कायदा आहे (कायदा करणाऱ्या व्यक्तीचं नाव सांगायची गरज नाही).

झालं असं की, आमची १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी गेल्या उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात उकळली. पाणी कधी संपलं ते कळलं नाही. काटा बघायला हवा होता, मी बघितला नाही. ही गाडी मी १९९४ साली सेकंडहँड घेतली, पीएफमधून पैसे काढून. मुलीची पाठवणी हिच्यातून झाली, वडिलांना शेवटचं दवाखान्यात हिच्यातूनच नेलं. ती टोईंग होऊन दारात आली आणि दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. पुण्याचे मेहुणे म्हणाले, "भाऊजी, आता भंगारात द्या, सरकारचाही तसाच नियम आहे." पुतण्या म्हणाला, "काका, मारुतीचं इंजिन टाकून घ्या, दोन दिवसांचं काम." एक भंगारवाला तर न बोलावताच आला आणि बावीस हजार म्हणाला. आणि मी जेव्हा सांगितलं, की मी स्वतः इंजिन खोलून बांधणार आहे, शेडमध्ये, तेव्हा आमचे एक निवृत्त सहकारी जे म्हणाले त्यासाठी हा लेखनप्रपंच.

ते म्हणाले, "सर, आयुष्यभर पोरांना सांगत आलात, अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने उचलशील. आता सत्तरी उलटल्यावर तुम्हीच पाने उचलणार?"

हसले सगळे. मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही, कारण ते वाक्य खरंच माझं होतं. एकदा नाही, बत्तीस वर्षं. मराठी आणि इतिहास शिकवणारा मी, मला त्या वाक्यातली कोटीही आवडायची. पुस्तकाची पाने उलटली नाहीत तर लोखंडाची पाने उचलावी लागतील! वर्ग हसायचा. ज्याला उद्देशून म्हटलं तो मान खाली घालायचा. त्यातला एक आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ स्वतःचं गॅरेज चालवतो. आणि माझं इंजिन त्याच्याच देखरेखीखाली बांधून झालं.

आधी नियमाचं बघू, म्हणजे मेहुण्यांचं समाधान होईल. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, ही आपल्याकडची एक लाडकी अफवा आहे. दिल्लीत न्यायालयीन आदेशांमुळे वयाची अट आली, ती दिल्लीची गोष्ट. २०२१ चं केंद्राचं स्क्रॅपिंग धोरण खासगी गाडीचं निव्वळ वय बघत नाही, फिटनेस बघतं. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण होतं, पर्यावरण कर भरावा लागतो. फी मात्र वाढवत नेली आहे. २०२२ पासून मोटारीला पाच हजार झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमाने 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो, पण मग ती रोज चालवता येत नाही. म्हणजे माझी गाडी २०३३ साली मानाची होईल आणि त्याच दिवशी घरी बसेल. आमच्या निवृत्तीसारखंच की हो हे!

धुराचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. जुन्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, किलोमीटरमागे ते नव्या गाडीपेक्षा जास्त घाण ओकतं, हे मान्य. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने पद्मिनी वापरू नये. मी महिन्याला साठसत्तर किलोमीटर जातो. तेवढ्यासाठी चालतं लोखंड वितळवून नवं घडवावं का, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो, आणि तो विचारणाऱ्याला आपण 'जुन्याला कवटाळणारा' म्हणतो. असो.

आता इंजिनाकडे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. फियाट ११०० चंच हे इंजिन. एकदा वर्गात विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून मी याच धर्तीच्या चार धावांच्या इंजिनाची आकृती फळ्यावर काढली होती. पुस्तकात दट्ट्या होता, झडप होती. मुलांनी दट्ट्या पाठ केला, मी दट्ट्या तपासला, आम्हां कोणीही दट्ट्या पाहिलेला नव्हता. पहिला पिस्टन मी हातात धरला तो वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

पाइपांचं तिकाटणं उभं करून चेन पुलीने इंजिन वर काढलं. हेड उघडलं तर ते उकळून वाकलेलं. सरळपट्टी ठेवली की मधून उजेड दिसायचा. ते फेस मारून आणलं. सिलिंडर वरवर चकचकीत, पण डायल गेज घातल्यावर कळलं की ते गोल राहिलेलेच नाहीत. वरच्या बाजूला, जिथे पहिली रिंग थांबून उलटी फिरते, तिथे झीज जास्त. आणि कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या जोरामुळे पिस्टन ज्या अंगाला दाबला जातो तिथे आणखी जास्त. डोळ्यांना न दिसणारी ही अंडाकृती बोटालाही लागत नाही. माझ्या विद्यार्थ्याने मात्र गेज घालायच्या आधी नुसतं नख वर ओढून सांगितलं, "सर, कड आलीय, बोअरिंगला जाणार." बोअरिंग झालं, ओव्हरसाइझ पिस्टन आले, क्रँक घासून त्या मापाची बेअरिंगं आली. रिंगा बसवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये घालून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची, कारण तापल्यावर लोखंड वाढतं आणि फट उरली नाही तर रिंग मोडते.

व्हॉल्व्ह बसवण्याचं काम मला सगळ्यांत आवडलं. सीटवर पेस्ट लावायची आणि दोन तळव्यांत काडी धरून रवीसारखी घुसळायची. आठ व्हॉल्व्ह, तीन संध्याकाळी. मग पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून बघायचं, झिरपतंय का. दोन झिरपले. पुन्हा घुसळलं. इथे बोलून, समजूत घालून, पुढच्या वर्षी बघू म्हणून भागत नाही. पेट्रोल झिरपतं किंवा झिरपत नाही. ग्रेस मार्क नाहीत!

आणि आता माझा पराक्रम. चारही कनेक्टिंग रॉडच्या टोप्या मी उत्साहाच्या भरात एकाच ट्रेमध्ये डिझेलने धुवायला टाकल्या. ज्या रॉडची टोपी त्यालाच बसली पाहिजे, तीही त्याच दिशेने, हे मला ठाऊक नव्हतं. तो संध्याकाळी आला, ट्रे बघितला, आणि गप्प राहिला. मला वर्गातला माझाच चेहरा आठवला. मी त्याच्या जागी असतो तर चारचौघांत दोन वाक्यं सुनावली असती. त्याने एक टोपी उचलली, फडक्याने पुसली आणि बल्बखाली धरली. "हे बघा सर." कडेला पंचाने मारलेले दोन ठिपके होते. दुसरीवर एक, तिसरीवर चार. रॉडवरही तसेच, एकाच बाजूला. "माझ्याआधी कुणीतरी हे इंजिन खोललंय. त्याने मारून ठेवलेत, पुढच्या माणसासाठी."

कुणी, कुठल्या गावात, कधी मारले, कळायला मार्ग नाही. त्याला लिहिता येत होतं की नव्हतं तेही माहीत नाही. पण मी आयुष्यभर मुलांना 'नेमके, थोडक्यात आणि वाचणाऱ्याला कळेल असे लिहा' म्हणून सांगत आलो, आणि असं लेखन मी क्वचित पाहिलं आहे.

आता मला सांगा, हे काम बुद्धीचं नाही असं आपण कुठल्या तोंडाने म्हणतो? माप घेणं, अनुमान काढणं, ते तपासून बघणं, चूक निघाली तर पुन्हा सुरुवात करणं. आम्ही प्रयोगवहीत जे लिहून घेत होतो ते हेच. फरक इतकाच की आम्ही उत्तर आधी बघून मग निरीक्षण लिहायला लावत होतो.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेत कार्यानुभव आणा म्हणून सांगितलं. त्याही आधी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं. आणि १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शाळेत शेतीचं व्यावहारिक ज्ञान द्या म्हटलं होतं. आम्ही काय केलं? कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात घातला आणि त्या तासाला गणिताचा उरलेला पोर्शन पूर्ण केला. वर्षाअखेर सगळ्यांना 'अ' श्रेणी. मी स्वतः त्या श्रेणी भरल्या आहेत, एका बैठकीत, चहा पीत. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवा असं आहे. तीन वर्षांत दहा दिवस! माझे आठ व्हॉल्व्ह आणि दोन गळती काढायलाच आठवडा गेला होता.

गंमत म्हणजे हे मी सोलापुरात बसून लिहितो आहे. ही गाडी ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, ती कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद याच गावात १८८२ साली जन्मले. (फुल्यांचं निवेदनही त्याच सालचं, हा योगायोग.) जहाजं, विमानं, मोटारी, या देशात बनणार नाहीत असं जे जे कुणी म्हणालं ते ते करायला हा माणूस निघाला. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली, १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं, आणि एके काळी लोक तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. मुंबईची काळीपिवळी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षं पूर्ण करून रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरांत हळहळीचे लेख आले. वालचंदांच्या नावाच्या संस्थांत मुलांना घालण्यासाठी आमचे पालक धडपडतात, ते उत्तमच. पण त्याच घरात मुलगा सायकलची चेन बसवताना दिसला की "हात घाण करू नकोस, अभ्यासाला बस" म्हणतात. त्या टॅक्स्या चाळीस-पन्नास वर्षं चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्र्यांवर हळहळीचा एकही लेख माझ्या वाचनात आला नाही.

मारुतीचं इंजिन टाकण्याबद्दल पुतण्याला एवढंच सांगतो. आरटीओची परवानगी, कागदपत्रं वगैरे भानगडी सोड. पण त्या दोन दिवसांत मी काय शिकलो असतो? चेक लिहायला? तो मला येतो. आणि नव्या गाड्यांत बिघडलेला भाग उघडायची सोयच ठेवलेली नसते, अख्खा डबा बदलायचा. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टलही काढलं, चांगलं केलं. पण ज्या दुरुस्तीचा हक्क मागायचा, ती करणाऱ्या पोराला लग्नाच्या बाजारात कोणी विचारत नाही. माझ्या या विद्यार्थ्याचं लग्न तीनदा मोडलं होतं, 'मुलगा गॅरेजात आहे' म्हणून. हे मला त्याने टाइमिंग चेन बसवताना सांगितलं, इतक्या सहज, की मी खूण कुठे जुळवायची ते विसरलो.

मग मी ते विचारलंच. "अरे, मी तुला वर्गात पाने उचलशील म्हणालो होतो, आठवतं का?"

तो चेन बघत होता. "आठवतं की सर. आठवी ब. तुम्ही बोललात आणि मागच्या बाकावरनं सगळे वर्षभर मला 'पाना' म्हणायचे." थोड्या वेळाने म्हणाला, "शाळा सोडली ना मी, त्याच्यामुळे नाही तसं. पण थोडं त्याच्यामुळे पण."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या ओ सर, तेरा नंबरचा रिंग पाना द्या."

दिला.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा इंजिन नुसतं खोकलं. प्लगच्या वायरी मी १-२-३-४ अशा लावल्या होत्या, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. (मास्तर शेवटी हजेरीच्या क्रमानेच जाणार!) वायरी बदलल्या आणि ते लागलं. थोडा निळा धूर आला, मग विरला. आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "आवाज आपल्याच गाडीचा आहे."

खर्च सगळा मिळून बासष्ट हजार, म्हणजे भंगाराच्या भावाच्या जवळजवळ तिप्पट. हे आकडे मेहुण्यांसाठी दिले आहेत, त्यांनी टिप्पणीत जरूर खरडावं. त्याने मजुरी घेतली नाही, मी बळजबरीने दिली, त्यावरून आमचं थोडं भांडणही झालं.

तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट अजून वाजतंय. तो रविवारी येणार आहे, धाकट्या मुलाला घेऊन. पोरगा आठवीत आहे, शाळा त्याला फारशी आवडत नाही म्हणे. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सांगून ठेवली आहे, आणि एक फीलर गेज जास्तीचा आणला आहे.