फुटले की फोडले?

दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली, की आमच्याकडे चकलीच्या दुसऱ्या घाण्याबरोबर राजकारण निघतेच. कुठल्या तरी सरकारचे एखादे गुपित नुकतेच बाहेर आलेले असले, तर माझे मेव्हणे डोळे बारीक करून विचारतात, “फुटले म्हणता? अहो, फुटले की फोडले?” या एका प्रश्नावर त्यांनी आजवर कितीतरी वाद जिंकले आहेत. सहज हाती लागले ते खोटेच असणार आणि आणून देणाऱ्याचा काही तरी डाव असणार, एवढे गृहीत धरले, की माणसाला बसल्या जागी शहाणे होता येते. मीही पुष्कळ वर्षे त्याच पंथातला. मराठी शिकवणाऱ्याला तर ती खोडच असते. समोर वाच्यार्थ स्वच्छ दिसत असताना आम्ही व्यंग्यार्थ शोधत बसतो. माझा हा विश्वास डळमळला तो दोन गोष्टींमुळे. एक दूरची, अंकाऱ्याची. दुसरी अगदी माझ्या टेबलावरची.

अंकाऱ्याची गोष्ट १९४३ सालची. महायुद्ध ऐन भरात होते आणि तुर्कस्तान तटस्थ होते. ते आपल्या बाजूने लढाईत उतरावे म्हणून इंग्रजांची खटपट चालली होती, तर उतरू नये म्हणून जर्मनांची. ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्री एक गृहस्थ जर्मन वकिलातीत आला आणि दोन फिल्मच्या गुंडाळ्यांना वीस हजार पौंड मागू लागला. हा एलियेसा बाझ्ना, ब्रिटिश राजदूत सर ह्यू नॅचबुल-ह्युगेसन यांचा खासगी नोकर. साहेबांचे कपडे काढून ठेवायचे, स्नानाची तयारी करायची, ही त्याची कामे. साहेब स्नानाला गेले असताना किल्ल्यांचे ठसे मेणात उमटवून घेतले, असे पुढे त्यानेच लिहिले आहे. पेटीतले कागद काढायचे, त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि कागद होते तसे परत ठेवायचे. इस्त्री केलेले सदरेही तेवढ्याच निगुतीने ठेवत असेल बिचारा!

कागद इतके बोलके निघाले, की जर्मन राजदूत फॉन पापेन यांनी या माणसाला प्राचीन रोमच्या थोर वक्त्याचे, सिसेरोचे नाव दिले. पण बर्लिनमध्ये मेव्हण्यांचा प्रश्न उभा राहिला. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांना हा इंग्रजांचा गळ वाटला. इतके सोपे कसे? शिवाय त्यांचे पापेन यांच्याशी पटत नव्हते, आणि सिसेरोशी व्यवहार करणारा मोयझिश हा दुसऱ्याच खात्याचा, काल्टेनब्रुनर यांच्या गुप्तचरांचा माणूस. त्या दोन खात्यांचे हाडवैर. त्यामुळे कागदात काय लिहिले आहे यापेक्षा ते कोणाच्या हातून आले, याचीच चर्चा अधिक झाली. मग हा नोकर हे करतो तरी का, याचा शोध सुरू झाला. बाझ्नाने सांगितले, आपल्या वडिलांना एका इंग्रजाने मारले. सूडाची कहाणी कोणालाही चटकन पटते. ती पुढे खोटी ठरली. कागद मात्र अस्सल होते. ‘ओव्हरलॉर्ड’ हे नाव त्यांत होते. पश्चिमेकडून यायच्या स्वारीचे ते सांकेतिक नाव. स्वारी कुठे आणि केव्हा, हे त्यांत नव्हते, आणि जे होते त्याचाही जर्मनांनी म्हणावा तसा उपयोग केला नाही.

नोकराला एकंदर सुमारे तीन लाख पौंड मिळाले. त्यातल्या बहुतेक नोटा बनावट होत्या. झाक्सेनहाउझेनच्या छावणीत कैद्यांकडून जर्मनांनीच त्या छापून घेतल्या होत्या. ज्याच्यावर संशय घेतला त्याने खरा माल दिला, आणि संशय घेणाऱ्यांनी खोटे पैसे मोजले. युद्धानंतर श्रीमंतीची स्वप्ने पाहणाऱ्या बाझ्नाला हे कळले, तेव्हा त्याने पश्चिम जर्मनीच्या सरकारकडे भरपाई मागितली! ती अर्थातच मिळाली नाही. १९७० मध्ये तो म्युनिकला वारला.

या प्रकरणाची दुसरी बाजू मला त्याहून अधिक आवडते. त्याच १९४३ साली जर्मन परराष्ट्रखात्यातला फ्रिट्झ कोल्बे नावाचा एक कर्मचारी आपल्या खात्याचे कागद घेऊन स्वित्झर्लंडमध्ये बर्नला इंग्रजांकडे गेला. पैसा नको होता. हिटलर पडावा, एवढीच इच्छा. इंग्रजांनी त्याला दारातूनच परत पाठवले. त्यांनाही वाटले, गळ असणार. अमेरिकनांच्या ॲलन डलेस यांनी त्याला आत घेतले, आणि अंकाऱ्याच्या ब्रिटिश वकिलातीतून कागद फुटताहेत ही बातमी कोल्बेच्याच कागदांतून लागली. तपासनीस अंकाऱ्याला गेले. नोकर त्यांच्या हाती लागला नाही.

१९५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांना ही चोरी कबूल करावी लागली. त्यानंतर तर्कांना ऊत आला. बाझ्ना मुळात इंग्रजांचाच माणूस, त्यांनी ठरवून कागद जर्मनांच्या गळी उतरवले, असे म्हणणारे निघाले. बहुतेक इतिहासकारांना ते पटत नाही. शत्रूला फसवायचे म्हणून आपले खरे धोरण महिनोन्‌महिने कोण हाती देईल? मूळ मजकूर मिळाला, की सांकेतिक तारा उलगडायला शत्रूला मदत होते, ती वेगळीच. पण घरच्या नोकराने लुटले यापेक्षा आम्ही मुद्दाम लुटू दिले, हे ऐकायला बरे वाटते. मला वाटते, ‘फोडले’ या तर्काची अर्धी लोकप्रियता यातच आहे.

आता टेबलावरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातल्या परीक्षेचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या शिपायाने एक चिठ्ठी आणून दिली. उद्याचे दोन प्रश्न तीत लिहिले होते. मुलांत फिरताहेत म्हणाला, आणि पुरवणाऱ्या कारकुनाचे नावही घेतले. विद्यापीठाला एक फोन करणे एवढेच माझे काम होते. पण मी आधी व्यंग्यार्थ शोधला. त्या कारकुनाने आठवड्यापूर्वीच या शिपायाला सर्वांदेखत झापले होते. झाले! सूड. मी चिठ्ठी खणात टाकली, आणि माणसे ओळखता येतात याचे मनातल्या मनात थोडे कौतुकही करून घेतले.

सकाळी पाकीट फोडले. दोन्ही प्रश्न अक्षरशः तेच.

पेपर रद्द झाला आणि महिन्याने पुन्हा झाला. तोवर एक मुलगा पेरणीसाठी गावी गेला होता. तो एसटीने रात्रभर प्रवास करून आला आणि बाकावर डोळे मिटू लागला. मी तेव्हा पर्यवेक्षक होतो. त्याला दोनदा हलवून जागे केले.

पुढे बऱ्याच दिवसांनी चहा ठेवायला शिपाई आत आला, तेव्हा मी त्याला विचारले, “खरे सांग, तुझा त्या कारकुनावर राग होता की नाही?”

“होता की सर,” तो म्हणाला. “पन पेपरबी फुटला होता ना.”