फोटो पुसट का येतो?

मैत्रिणींनो, माळा आवरताना पोलरॉइडचा जुना कॅमेरा सापडला, तर तो भंगारात देऊ नका. बटण दाबताच पुढून फोटो बाहेर काढणारा हा कॅमेरा. कंपनीने २००८ साली त्याची फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. पण काही जाणकारांनी नेदरलँड्समधला कारखाना वाचवला आणि २०१० पासून नवी फिल्म मिळू लागली. मात्र ती महाग, पाकिटात फोटो ८ आणि निगेटिव्ह नाही. आजेसासूबाईंना नऊवारी नेसवून, हौसेने खुर्चीत बसवून काढलेला फोटोच पुसट आला, तर जीव हळहळतो की नाही?

दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, अंतराचा असतो. आपला कॅमेरा कोणत्या प्रकारचा, ते आधी पाहा.

१) साधा प्लॅस्टिकचा : यातलं भिंग एका जागी पक्कं असतं. १९७७ चा वनस्टेप यातलाच. माणूस निदान ४ फुटांवर हवं. त्याहून जवळ गेलात की चेहरा पुसट आणि मागची भिंत स्वच्छ! शिवणाची टेप साधारण ६० इंची, म्हणजे ५ फूट असते. एक टोक खुर्चीतल्या माणसाजवळ धरा, टेप ताणा आणि तिथेच उभ्या राहा. काही कॅमेऱ्यांत जवळच्या फोटोसाठी सरकवायचं जादा भिंग असतं. काम झालं की ते आठवणीने बाजूला सारा.

२) घडीचा : १९७२ साली आलेला एसएक्स-७०. पुढचं चाक फिरवून सुमारे १० इंचांपासून पुढे फोकस साधता येतो. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत डोळा लावला की मध्याच्या जरा खाली दोन भागांत कापलेलं वर्तुळ दिसतं. पदराचा उभा काठ त्यात धरा. तो तुटलेला दिसेल. चाक हळूहळू फिरवा. काठ सलग जुळला की फोकस झाला.

३) जाळीच्या तबकडीचा : हे १९७८ पासूनचे. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून हा अंतर ओळखतो. म्हणून खिडकीच्या काचेतून फोटो काढू नका, आवाज काचेवरूनच परततो. जोडप्याचा फोटो असेल तर दोघांना जवळजवळ बसवा. मधे फट राहिली, तर फोकस मागच्या भिंतीवर जातो, बरं का!

अंतर जमलं तरी हात हलला की सगळं फुकट. अंधाऱ्या खोलीत शटर जास्त वेळ उघडं राहतं. म्हणून माणसाला खिडकीजवळ, उजेडाकडे तोंड करून बसवा. आपण भिंतीला पाठ टेका, कोपरे अंगाशी घ्या, श्वास रोखा आणि बटण अलगद दाबा.

भिंग पदराने पुसू नका. जुन्या, धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा कोरड्या जागी ठेवा. फिल्म फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नको. विकत घेताना कॅमेऱ्यावर लिहिलेली एसएक्स-७० किंवा ६०० हीच मागा. आय-टाइप नको, तिच्या पाकिटात सेल नसतो आणि हे कॅमेरे पाकिटातल्या सेलवरच चालतात.

बाहेर आलेला फोटो झटकू नका. लगेच उजेडाआड, पालथा ठेवा. रंगीत फोटो उमटायला १०-१५ मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा टाका.

आणि हो, पाकिटातला पहिला फोटो तुळशीवृंदावनाचा काढा. तो नीट आला, की मग आजेसासूबाईंना हाक मारा.