घरच्या पेटीची किल्ली घरातच असावी

आपल्या गौतमपुऱ्यातील जुन्या मराठी घरांत मोडीतले कागद, वंशावळी, वाटणीपत्रे पेटीत कुलूपबंद असत. पेटी उघडायची तर वडीलधाऱ्यांना विचारावे लागे. आज तीच वंशावळ, तेच मृत्युपत्र घरच्या संगणकावर आहे. या नव्या पेटीची किल्ली कोणाकडे, हे मात्र आपण विचारत नाही.

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत एखादा प्रोग्राम बंद पडला की चौकट उघडे: बिघाडाचा अहवाल मायक्रोसॉफ्टला पाठवायचा की नाही? दोन बटणे असत, निर्णय आपला असे. पुढच्या आवृत्त्यांत ही विचारणा मागे पडली आणि अहवाल आपोआप जाऊ लागले. कंपनी स्वतःच सांगते, की ऐच्छिक माहिती पाठवणे चालू असेल, तर बिघाडाच्या वेळी मेमरीत जे असेल तेही जाते. त्यात उघड्या फाइलचा काही भाग नकळत असू शकतो. म्हणजे मृत्युपत्र टंकताना संगणक अडला, तर त्यातल्या चार ओळी घराबाहेर जाऊ शकतात.

अशा अहवालांमुळे दोष सापडतात, दुरुस्त्या होतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण अमेरिकेची एनएसए ही गुप्तहेर संस्था हे अहवाल वाटेत टिपत होती, असे 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने डिसेंबर 2013 मध्ये उघड केले. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क मिळाला, पण तो बजावायचा कोणी?

सुरुवात घरातून करावी. विंडोज 11 मध्ये 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक' उघडावे आणि ऐच्छिक माहितीचे बटण बंद करावे. अहवालच नको असतील, तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'विंडोज एरर रिपोर्टिंग सर्व्हिस' शोधून 'डिसेबल्ड' करावी. घरगुती आवृत्तीत आवश्यक म्हटलेली काही माहिती तरीही जातेच. ती थांबवण्याची सोय ग्राहकाला मिळावी, अशी आमची मागणी आहे.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्धात आपले तुर्रा दलाचे गडी हाती ढाल घेऊनच उतरतात. संगणकासमोर बसतानाही तेवढी सावधगिरी हवी. अहवाल पाठवावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण विचारल्यावाचून घरचा कागद बाहेर जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.