स्कॅन करून मेल कर

आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य म्हणजे "स्कॅन करून मेल कर". त्याच्या खालोखाल "नीट दिसत नाहीये, परत कर". चुलतभाऊ न्यू जर्सीत, मी पुण्यात हिंजवडीला, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते मोठे बाबा आणि मोठी आई कुहीला. (कुही हा नागपूर जिल्ह्यातला तालुका. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही.) दादा अमेरिकेचा नागरिक झाला, त्यामुळे त्याला आईवडिलांना कायमचं बोलावता येतं. त्याचा अर्ज मंजूर झाला, की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे सगळे कागद स्कॅन करून ऑनलाइन चढवायचे, ते पुरेसे वाटले की मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. म्हणजे मी स्कॅन करायचं, दादाला मेल करायचं, त्याने चढवायचं. ऐकायला किती सोपं!

आणि हे सगळं 'डिजिटल' आहे म्हणे. माझं भांडण नेमकं इथेच आहे. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो, बाकी काही नाही. पोराच्या वाढदिवसाच्या फोटोला जेवढा पुरावा चिकटलेला असतो, तेवढाच त्यालाही असतो. कागद ऑफिसातून निघाला, माझ्या मोबाइलवर सपाट झाला, आकार मर्यादेत बसावा म्हणून पिळून काढला, आणि साता समुद्रापार गेला. तिथला माणूस काय तपासणार? शिक्का निळा आहे की काळा एवढंच. खरी नोंद जिच्याकडे आहे ती कचेरी या साखळीत कुठेच नाही. तिच्या वतीने हमाली करतोय तो नागरिक.

पण खरी गंमत पुढे आहे. महाराष्ट्रात 'आपले सरकार'वरून मिळणारे बरेच दाखले आता डिजिटल सहीने येतात. त्या पीडीएफमधलं एक अक्षर बदललं तरी सही तुटते, म्हणजे पुरावा फाइलच्या आतच असतो. नोटरीच्या गोल शिक्क्यापेक्षा हे हजारपट भक्कम. आणि आपण त्याचं काय करतो? ती फाइल उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड'. बहुतेक वेळा कारण इतकंच, की भारत सरकारचं मूळ प्रमाणपत्र आपल्या पीडीएफ वाचकाच्या विश्वासू यादीत नसतं. ते एकदा जोडून घेतलं की तिथे हिरवी खूण येते. पण प्रश्नचिन्ह बघून सगळे घाबरतात. मग प्रिंट काढायची, तिच्यावर नोटरीचा शिक्का मारायचा, आणि तो शिक्का दिसावा म्हणून पुन्हा रंगीत स्कॅन! सही मेली, शिक्का उरला. जी एकमेव गोष्ट खरोखर तपासता आली असती तीच आपण पैसे मोजून पुसून टाकली.

कुणीतरी म्हणेलच, की परदेशी कचेऱ्यांनाच असं हवं असतं. नाही हो. अमेरिकेच्या सूचना सरळ आहेत. मूळ किंवा अधिकृत प्रत स्कॅन करा, कागद इंग्रजीत नसेल तर भाषांतर त्याच फाइलमध्ये जोडा, आणि भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावं की भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. बास. कॅनडाचं थोडं वेगळं आहे, तिथे अधिकृत भाषांतरकार नसेल तर शपथपत्र लागतं. पण आपल्याकडचे एजंट सगळ्या देशांना एकाच मापाने मोजतात आणि प्रत्येक पानामागे नोटरी लावतात. आमच्या नागपूरच्या एजंटाला मी विचारलं, हे कुठल्या नियमात आहे? तो म्हणाला, "सर, सेफ साइड." त्या सेफ साइडचं बिल वेगळं!

आता मोठ्या बाबांच्या जन्माकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. त्यांचा जन्म 1953 चा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, आणि तो लागू झाला 1 एप्रिल 1970 पासून. त्याआधीच्या माणसाकडे जन्माचा दाखला नसेल हे अमेरिकेलाही मान्य आहे. अशा वेळी 'नोंद उपलब्ध नाही' असं प्रमाणपत्र आणायचं, आणि सोबत आईवडिलांचं किंवा, ते नसतील तर, वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं शपथपत्र जोडायचं. बघा हं, 1953 साली जन्मलेल्या माणसाचा जन्म आठवणारा माणूस आज शोधायचा. सुदैवाने थोरली आत्या आहे, ऐंशी पार केलेली. तिला तारीख विचारली तर म्हणते, "मले काय मालूम तारीख? धान कापणं सुरू होतं, एवढं आठवते." त्यासाठी 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर. (ऑक्टोबर 2024 पर्यंत 100 चा चालायचा.)

धानाची कापणी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. मोठ्या बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर आणि म्हणून पासपोर्टवर तारीख आहे 1 जुलै. का, ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. मास्तरांनी पोरगं पहिलीत बसावं म्हणून लिहिलेली ती तारीख. मग मी जरा खोलात गेलो. आमच्या भागात तेव्हा गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा. त्या कोतवाल पंज्या आजही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडतात; जातपडताळणीसाठी धावपळ केलेल्यांना हे पाठ असतं. आमच्या गावच्या पंजीत नोव्हेंबर 1953 ची नोंद सापडली. आजोबांचं नाव, जात, 'मुलगा'. बस्स, मुलाचं नाव नाही. बारशाआधीच नोंद झालेली, नाव कुठून येणार? आत्याची आठवण मात्र पक्की निघाली!

म्हणजे सरकारच्या दप्तरात खरी नोंद आहे, पण तिच्यात नाव नाही. म्हणून तेच सरकार 'या नावाची नोंद उपलब्ध नाही' असं लिहून देतं, आणि तेही खोटं नाही. एजंटाने सल्ला दिला, की ते कोतवालचं दाखवूच नका, तारीख जुळत नाही. मी म्हणतो, हाच या सगळ्या स्कॅन संस्कृतीचा गाभा आहे. खरं काय ते कुणालाच नको, एकाला एक जुळणारी चित्रं हवीत. आम्ही ती नोंद भाषांतरासकट जोडली, सोबत दादाचं अर्धं पान स्पष्टीकरण. मोठे बाबा म्हणाले, "जे हाय ते दाखवा ना भाऊ. आपण काय चोरी केली हाय का?"

आणि जन्मस्थळ? तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि कुही हा तालुकाही नव्हता. गाव तर आता जागेवरच नाही. गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 1988 साली झालं, आणि पुढे वैनगंगेच्या त्या पाण्यात तालुक्यातली जी गावं गेली त्यांत आमचंही. पुनर्वसनाचं गावठाण दुसरीकडे, नाव तेच. फॉर्मवर 'जन्मगाव' ही एकच ओळ आहे. त्या ओळीत पाण्याखालचं गाव लिहायचं की पाण्याबाहेरचं?

लोक म्हणतात, जुनी दप्तरं आहेत, एवढं कोण स्कॅन करणार. अहो, केलंय की! 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, तेव्हा राज्यभर जुनी जन्म-मृत्यूची पुस्तकं, शाळेची रजिस्टरं, मोडीतले कागदसुद्धा चाळले गेले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. राजकारणाला गरज पडली की काही महिन्यांत होतं. म्हाताऱ्याला मुलाकडे जायचं असलं की मात्र "साहेब आज नाहीत".

त्या कारकुनांवर मी फार चिडत नाही. माझा राग आपल्यावर आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या आयटीवाल्यांवर. ऑफिसात कुणी पासवर्ड मेलवर पाठवला तर आपण त्याला सुरक्षेचं लेक्चर देतो. आणि घरी? आईवडिलांचे पासपोर्ट, पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं एकाच मेलमध्ये कोंबून कुठल्यातरी सल्लागाराच्या जीमेलवर. ते न जमणारे लोक ऑनलाइन सेवा केंद्रावर जातात. तिथल्या कम्प्युटरच्या डेस्कटॉपवर गावातल्या निम्म्या घरांची ओळखपत्रं 'नवीन फोल्डर' नावाने पडलेली मी स्वतः पाहिलीत. कॅमस्कॅनर या अ‍ॅपमध्ये 2019 साली कॅस्परस्कीला घातक कोड सापडला, जून 2020 मध्ये सरकारने त्याच्यावर बंदीही घातली, तरी आपल्या बोलण्यात 'कॅमस्कॅनर करून पाठव' हे क्रियापद होऊन बसलंय!

आणि अशा साइट्स बनवणारेही आपणच. 'अपलोड पीडीएफ' असा एक डबा टाकला की प्रोजेक्ट डिजिटल झाला, बिल निघालं. डबा टाकणं दोन तासांचं काम आहे, आणि देणाऱ्या कचेरीकडून सही केलेली नोंद थेट मागवणं दोन वर्षांचं, म्हणून आपण डबा टाकतो. मार्ग नाही असं नाही. डिजिलॉकरमधला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा मानायचा, हा नियम 2017 पासून आहे. परदेशासाठी कागद ऑनलाइन प्रमाणित करणारी परराष्ट्र खात्याची ई-सनद ही सोय त्याच वर्षी सुरू झाली. 2015 साली राज्य सरकारने स्वतःच सांगितलं की साध्या कामांना शपथपत्र नको, स्वयंघोषणा चालेल. इतकं सगळं असून कुहीतल्या माणसाच्या हातात अजून गोल शिक्काच पडतो, कारण त्याचा कागद जिथे निघतो ती शेवटची कचेरी यातल्या कशालाच जोडलेली नाही.

माझी मागणी साधी आहे. 1970 पूर्वीच्या कोतवाल पंज्या, जिथे आहेत तिथे, स्कॅन करून अनुक्रमांकासह खुल्या करा, आणि 'नोंद उपलब्ध नाही' हा कागद देताना पंजी तपासून तिच्यात काय आहे तेही त्यातच लिहा, मराठी आणि इंग्रजीत, डिजिटल सहीने. तोवर तुम्ही एवढं करा, की सही असलेली मूळ पीडीएफ मिळाली तर ती जपून ठेवा, प्रिंट काढली म्हणून डिलीट करू नका. मुलाखतीला मूळ कागद न्यावेच लागतात, आणि या पीडीएफचं मूळ म्हणजे ती फाइलच.

मोठ्या आईचं लग्न 1979 चं, कुठेच नोंदलेलं नाही, आणि पत्रिकेवर तिचं माहेरचं नाव वेगळंच छापलंय. त्यावर पुढच्या शनिवारी.